वांग्यावरून भांडावं कसं? (नवशिक्यांसाठी)

जनुकीय बदल केलेल्या अन्नावर वाद घालायला शेती असावी लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, वांगं आवडत असलंच पाहिजे असंही नाही. खणखणीत आवाज आणि समोर एखादा भिडस्त नातेवाईक, एवढं भांडवल पुरतं. लग्नाची पंगत, सोसायटीची वार्षिक सभा, सकाळच्या फेरफटक्यानंतरचा कट्टा, कुठेही सुरुवात करता येते. खालच्या सूचना नीट पाळल्या तर पंधरा मिनिटांत आपण तज्ज्ञ झालो असं वाटू लागेल. समोरच्यालाही तसं वाटेल याची हमी नाही, पण नवशिक्याने त्याची फिकीर करू नये.

बाजू पकडणे

बाजू दोनच आहेत. एक विषवाद्यांची: हे अन्न म्हणजे हळूहळू भिनणारं विष. दुसरी पोशिंद्यांची: हे आलं नाही तर जग उपाशी मरेल. तिसरी शोधत बसू नये. "कोणतं पीक? त्यात कोणतं जनुक? आणि कुणाच्या शेतात?" असं विचारणारा माणूस चांगल्या रंगलेल्या वादाचा विचका करतो. तो दिसलाच तर त्याला मठ्ठा आणायला पाठवावं.

बाजू पकडली की सराव म्हणून मंडईत जावं आणि एखाद्या लालबुंद, एकसारख्या, आठवडाभर न सुरकुतणाऱ्या टोमॅटोकडे बोट दाखवून म्हणावं, "हे सगळं जीएम!" दोन्ही बाजूंना हे वाक्य चालतं, एकाने नाक मुरडून म्हणायचं, दुसऱ्याने कौतुकाने. भारतात आजवर जनुकबदल केलेल्या एकाही भाजीला किंवा फळाला प्रत्यक्ष लागवडीची मोकळीक मिळालेली नाही, म्हणजे तो टोमॅटो फार तर हायब्रीड, दोन वाणांचा रीतसर संकर. पण 'हायब्रीड' म्हटलं की आपल्याकडे साठच्या दशकातल्या ज्वारीपासून हल्लीच्या पोरांपर्यंत सगळ्यांची एका दमात निंदा करून होते. फरक समजावणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तेव्हा तुम्ही बिनधास्त राहा.

विषवाद्यांसाठी

तुमचा हुकमी शब्दप्रयोग 'निसर्गात ढवळाढवळ'. तो उच्चारताना शेंगदाण्याजवळ मात्र उभं राहू नये. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून वाणं काढली आहेत. त्या माऱ्यात जनुकांमध्ये कुठे, काय आणि किती बदललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, तेव्हा तो ठेवता येतही नव्हता. उगवलेल्या रोपांतून कामाची तेवढी निवडली, त्यांचा आपसांत संकर केला. त्या वंशातलं टॅग-२४ हे वाण १९९१ साली आलं आणि शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं. टॅग म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट; अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्यात भागीदार होतं. त्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही, उलट त्याच्या कुटावर कितीतरी एकादश्या पार पडल्या. (भुईमुगाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, साबुदाण्याच्या कंदाचंही तिथलंच, खिचडीतल्या बटाट्याचंही. 'आपली देशी वाणं' या विषयावर उपासाच्या दिवशी बोलणं टाळलेलं बरं.)

एकच ओळखीचं जनुक मोजूनमापून टाकलं तर वर्षानुवर्षं चाचण्या, आणि क्ष-किरणांनी अनोळखी बदलांचा पाऊस पाडला तर साध्या वाणाची वाट, हा न्याय मला काही पटत नाही. क्ष-किरणांचा भुईमूग निर्धोक निघाला म्हणून प्रत्येक जनुकबदल निर्धोक ठरत नाही, हेही खरंच. पण 'नैसर्गिक' या एका शब्दावर डोलारा उभा करणाऱ्याने दाणे चघळत भाषण देऊ नये.

यानंतर तीन गोष्टी पाठ कराव्यात. पहिली माशाच्या टोमॅटोची. थंडीने खराब होऊ नये म्हणून टोमॅटोत थंड समुद्रातल्या माशाचं जनुक घालण्याचा प्रयोग अमेरिकेत खरोखर झाला होता. शाकाहारी घरात ही गोष्ट सांगितली की हातातला घास हातातच राहतो. तो टोमॅटो बाजारात कधी आलाच नाही, हे वाक्य गाळावं. दुसरी गोष्ट 'टर्मिनेटर' बियाण्याची, जे पेरलं की पुढचं बी वांझ. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट निघालं, जगभर गदारोळ झाला आणि ते विक्रीला आलंच नाही. आपला शेतकरी जनुकबदल केलेल्या बीटी कपाशीचं बी दरवर्षी विकत घेतो ते ती हायब्रीड असते म्हणून. घरचं बी धरलं तर पुढल्या साली पीक एकसारखं येत नाही. ही वाट १९७० मध्ये गुजरातेतून एच-४ हे हायब्रीड आलं तेव्हाच पडली, बीटीच्या कितीतरी आधी.

तिसरी गोष्ट उंदरांची, आणि ती सर्वांत परिणामकारक. फ्रान्समधल्या सेरालिनी या शास्त्रज्ञाने २०१२ मध्ये उंदरांना दोन वर्षं जनुकबदल केलेला मका खाऊ घातल्याचा अभ्यास छापला. सोबत उंदरांची रंगीत छायाचित्रं, अंगावर लिंबाएवढ्या गाठी. हे छायाचित्र मोबाईलमध्ये कायम तयार ठेवावं आणि समोरचा जेवत असतानाच दाखवावं. पुढचं सांगायचं नाही: त्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी काहीही खाल्लं तरी गाठी होतात, प्रत्येक गटात उंदीर होते दहा-दहा, आणि एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही म्हणून नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला. पुढल्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात तो पुन्हा छापून आला, एवढंच लक्षात ठेवावं. 'सत्य दडपलं' म्हणायला तेवढं पुरतं.

एक प्रश्न मात्र असा आहे की तो विचारल्यावर पोशिंदेही क्षणभर गप्प होतात: "जे अळीला मारतं ते माणसाला सोडेल कसं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही इथे देऊन ठेवतो, वापरू नका. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा जिवाणू. त्याच्या जनुकामुळे झाड एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यात आम्ल नसतं, उलट अल्कधर्मी वातावरण असतं. तिथे ते प्रथिन कार्यरत होतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि भोकं पाडतं. आपल्या जठरात आम्ल, ते प्रथिन तिथे इतर प्रथिनांसारखंच पचतं, आणि चिकटायला त्या जागाही आपल्या आतड्यात नाहीत. याच जिवाणूची भुकटी सेंद्रिय शेतीवाले पिढ्यानपिढ्या फवारत आले आहेत. फरक एवढाच की फवारलेलं उन्हापावसात दोन-चार दिवसांत जातं, आणि झाडाच्या पेशीत तयार होणारं पेरणीपासून वेचणीपर्यंत तिथेच असतं. हा फरक माणसाच्या पोटासाठी फारसा महत्त्वाचा नाही. अळीसाठी आहे, आणि तिकडे आपण शेवटी येऊ.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये नऊशेहून अधिक अभ्यास चाळून सांगितलं की ही पिकं खाण्यातून माणसाला वेगळा धोका असल्याचा पुरावा सापडत नाही. तिथल्या सोयाबीन आणि मक्याच्या क्षेत्राचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जनुकबदल केलेल्या वाणांखाली आहे. न्यू जर्सीतला तुमचा भाचा कितीतरी वर्षं तेच खातो आहे. विषवाद्यांनी या ठिकाणी म्हणावं, "मग तिकडे एवढी माणसं आजारी का?" आणि उत्तराची वाट न पाहता ताक मागावं.

पोशिंद्यांसाठी

तुमच्या बाजूला नोबेलविजेते आहेत, ही मोठीच सोय. २०१६ मध्ये शंभराहून अधिक नोबेलविजेत्यांनी ग्रीनपीस संघटनेला पत्र लिहून सोनेरी तांदळाला विरोध करणं सोडा म्हणून बजावलं. सोनेरी तांदूळ म्हणजे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं तो घटक दाण्यातच तयार करणारा. त्याचा शोध २००० साली प्रसिद्ध झाला, फिलिपिन्सने लागवडीला परवानगी दिली २०२१ मध्ये, आणि तिथल्या न्यायालयाने ती २०२४ मध्ये थांबवली. तुम्ही सगळा दोष आंदोलकांच्या माथी मारावा. तो तांदूळ चांगल्या वाणांत उतरवायलाच शास्त्रज्ञांना कैक वर्षं लागली, हा भाग भाषणात बसत नाही.

'अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने निर्वाळा दिला' हे विषवाद्यांपुढे ठणकावून सांगा, पण तो अहवाल हातात देऊ नका. पलीकडच्याच प्रकरणात तीच अकादमी म्हणते की अमेरिकेत या बियाण्यांमुळे पिकांच्या उत्पादकतेच्या वाढीचा वेग बदललेला दिसत नाही.

आता आलेख काढायला शिका. कागदावर कपाशीचं देशभरातलं हेक्टरी रुईचं उत्पादन मांडा. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा तीनशे किलोच्या आसपास. २००७-०८ मध्ये साडेपाचशेच्या घरात. इथे पेन उचला, टोपण लावा, खिशात घाला. पुढे ओढत राहिलात तर रेघ अडखळते आणि हल्लीच्या वर्षांत साडेचारशेच्या आसपास घुटमळते, हे सगळ्यांना दिसेल. त्याच सुरुवातीच्या वर्षांत खतांचा वापर वाढला, गुजरातेत पाणी आलं, रसशोषक किडींवर नवी औषधं आली. ही सगळी नावं आलेखात लिहायला जागा नसते.

अभ्यास निवडतानाही तारीख पाहून निवडावा. काथागे आणि काइम या दोघांनी २०१२ मध्ये, चार राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या २००२ ते २००८ च्या नोंदींवरून, बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. पोशिंद्यांनी हा घ्यावा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडून दाखवलं की उत्पादन साचलं आणि शेतकरी कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करू लागला. विषवाद्यांनी हा घ्यावा. दोन्ही एकापुढे एक ठेवून वाचले तर पहिली काही वर्षं चांगली गेली आणि मग बिघडलं, असं साधं चित्र दिसतं. त्यावर भांडण होत नाही, म्हणून ते कुणी ठेवत नाही.

तेलाविषयी

पंगतीत "आम्ही असलं अन्न घरात येऊ देत नाही" असं कुणी म्हणालं तर भजी पुढे करावीत. देशातली ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. तिच्या सरकीचं तेल निघतं, ते खाद्यतेल म्हणून विकलं जातं, फरसाणात जातं. पेंड म्हशीपुढे जाते, म्हशीचं दूध चहात. सोयाबीनचं तेल आपण अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणतो, तिथलं सोयाबीन बहुतांशी जनुकबदल केलेलंच. २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी असल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. देशात सोयाबीन पिकवणाऱ्याला त्या बियाण्याची बंदी आणि परदेशातली पेंड मात्र चालते, हे ऐकून लातूरचा शेतकरी काय म्हणाला असेल ते इथे छापता येणार नाही.

यात विष काही नाही. रिफाइन केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. पण १ जानेवारी २०१३ पासून नियम आहे की जनुकबदल केलेलं अन्न असलेल्या पाकिटावर 'जीएम' ही अक्षरं ठळक असावीत. घरातली तेलाची पिशवी उजेडात धरून ती शोधावीत. हा स्वाध्याय दोन्ही बाजूंना सक्तीचा.

सरकारकडून शिकण्यासारखं

दोन्ही डगरींवर पाय ठेवून पंधरा-सोळा वर्षं उभं कसं राहावं, हे पाहायचं असेल तर दिल्लीकडे पाहावं. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपुरात, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. समितीच्या नावातली 'मान्यता' जाऊन तिथे 'मूल्यांकन' आलं. शेजारच्या बांगलादेशाने त्याच जनुकाचं वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं आणि पुढल्या जानेवारीत २० शेतकऱ्यांना रोपं वाटली. ती वाणं सरकारी संस्थेची, साधी, हायब्रीड नव्हेत. बी घरी धरता येतं. आपल्याकडे कंपनी नको आणि बीही नको, असा एकत्रित निकाल लागला. सरकारी संस्थेचं साधं वाण हा पर्याय आपल्या वादात कुणाच्या तोंडी फारसा आला नाही, कारण तो दोन्ही बाजूंच्या पाठांतरात नव्हता. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर जे फवारतात ते आपण निमूट खातो. त्याच्या जनसुनावणीची मागणी करू नये, भरीत उतरत नाही.

मग मोहरी. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने केलेल्या डीएमएच-११ ला ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात तणनाशक सोसण्याचंही जनुक आहे, पण शेतकऱ्याने शेतात ते तणनाशक मारायचं नाही, अशी अट. २३ जुलै २०२४ ला त्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरती, म्हणून महाराष्ट्रात यावर फार कुणी तडतडलं नाही. आणि मे २०२५ मध्ये जनुक संपादित केलेल्या भाताची दोन वाणं केंद्रीय कृषिमंत्र्यांनी थाटात जाहीर केली. त्यांत बाहेरचं जनुक नसतं, म्हणून त्यांना वांग्याचा रस्ता चालावा लागला नाही.

प्रात्यक्षिक (ऐच्छिक)

नवशिक्यांनी विदर्भात जाऊ नये. तिथे वाद पोटाचा राहत नाही आणि आपलं पाठांतर कामाला येत नाही.

कपाशीची डोमकळी हातात दिली जाईल: फूल उमलायचं राहून गेलेलं, पाकळ्यांना पीळ पडलेला, उकलली की आत बारीक अळी. मग बोंड. बाहेरून हिरवंगार, छिद्राचा मागमूस नाही. फोडलं की आत डागाळलेली रुई आणि सरकीत शिरलेली गुलाबी बोंडअळी, ज्या बीटीने ती मरायला हवी तेच खाऊन टुणटुणीत. गुजरातेत ही अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे जनुकाच्या मालक कंपनीने २०१० मध्ये मान्य केलं. दोन जनुकांचं बियाणं २००६ पासूनच बाजारात होतं. तेही पुरलं नाही. २०१७ मध्ये राज्यभर कपाशी बोंडअळीने पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी वाचावी म्हणून आणलेल्या पिकावर.

हे का झालं, त्याचं उत्तर १२० ग्रॅमच्या पुडीत आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची ती पुडी मिळायची. ते बी शेताच्या कडेने लावायचं: तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी मिसळावेत, आणि पुढची पिढी बीटीला बळी पडणारीच निपजावी. कल्पना शहाणपणाची. पण दोन-तीन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायचं की कर्ज काढून पेरलेल्या शेतात कडेच्या ओळी अळीसाठी सोड, आणि का ते नीट सांगायला मात्र कुणी जायचं नाही. पुड्या बांधावर राहिल्या. वर फरदड घेऊन, म्हणजे वेचणीनंतरही झाडं न काढता, कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. कंपनीने बियाणं विकलं, खात्याने आकडे कळवले, आणि अळीचं काय होतंय ते बघण्याचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

नंतर चोरबीटी. तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं बियाणं. ते पेरणं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २०२४ पर्यंत गुन्हा होता: पाच वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. तरी ते गावोगाव मिळतं, बिनपावतीचं, आत काय आहे याची जबाबदारी कुणाचीच नाही असं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरलं आणि गुन्हे अंगावर घेतले. कारण विचारलं तर जगाच्या भुकेचं नाव निघणार नाही. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि पावसाची उघडीप मिळेपर्यंत तण कपाशीच्या डोक्यावर जातं. दुसरीकडे त्याच निंदणावर ज्या बायांचं घर चालतं, त्यांना या वादात कुणी अजून बोलावलेलं नाही.

तेव्हा जाणं झालंच, तर कुणाच्या शेतात चोरबीटी आहे ते विचारू नका. यंदा निंदणाला एकरी किती गेले, एवढंच विचारा, आणि मग वांग्यावरचं आपलं मत तासभर स्वतःजवळ ठेवा.